कारागिराची पाटी : भिंतीवरची आणि मोबाईलमधली



आपल्या समाजात धंद्याचा विषय निघाला की प्रथम भांडवलाची चर्चा होते. कर्ज कोठे मिळते, अनुदान किती, जामीन कोण राहणार, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या तरुणापाशी हत्यारांची पेटी आहे, आयटीआयचे प्रमाणपत्र आहे आणि हातात कसबही आहे, त्याच्या दारी गिऱ्हाईक कसे यावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. वायरमन, प्लंबर, रंगारी, सुतार, फ्रिज-एसी दुरुस्त करणारे, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, या सर्वांची अडचण एकच असते. काम येते, पण गिऱ्हाईक येत नाही.

जाहिरातीच्या दोन रीती आज आपल्यापुढे आहेत. पाटी, पत्रक, ओळख आणि शिफारस ही जुनी रीत. मोबाईल आणि इंटरनेट ही नवी रीत. यांपैकी कोणती धरावी, असे तरुण विचारतात. या प्रश्नाचा विचार धम्माच्या, अर्थशास्त्राच्या आणि आपल्या सामाजिक परिस्थितीच्या अंगाने या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. गिऱ्हाईक शोधणे हा हक्क आहे

बलुतेदारीत गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. कोणी कोणाचे काम करायचे हे जन्माने ठरे. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे आणि तो किती द्यायचा हे गाव ठरवी. काम नाकारण्याची सोय नव्हती. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना जे गिऱ्हाईक होते ते त्यांनी मिळविलेले नव्हते, त्यांच्यावर लादलेले होते. आपले काम काय, आपला दर काय आणि आपण कोठे भेटू, हे स्वतःच्या तोंडाने सांगता येणे ही स्वातंत्र्याचीच एक खूण होय. म्हणून जाहिरात म्हणजे बडेजाव, ती आपल्याला शोभत नाही, हा संकोच आपल्या कारागिरांनी मनातून काढून टाकला पाहिजे.

२. अडचण कोठे आहे?

अडचण केवळ पैशाची नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारासंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय काही काळ केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच लोक येईनासे झाले आणि तो बंद पडला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. अर्थशास्त्रातील एवढ्या विद्वत्तेचा माणूस, पण गिऱ्हाईक विद्येकडे न पाहता जातीकडे पाहून परतले.

तो काळ गेला असे म्हणावे, तर सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास डोळ्यांपुढे येतो. त्यांनी खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले होते. दलित आडनावाच्या अर्जांना सवर्ण आडनावांच्या तुलनेने कमी बोलावणी आली. हा अभ्यास नोकऱ्यांचा आहे, परंतु कारागिराचे काम तर थेट लोकांच्या घरात असते. स्वयंपाकघरातील नळ दुरुस्त करणाऱ्याला आडनाव आणि वस्ती विचारली जाते, हा अनुभव आपल्या मुलांना नवा नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सर्वांत उत्तम जाहिरात म्हणजे तोंडी शिफारस, असे सगळेच म्हणतात आणि ते खरेही आहे. पण शिफारस ओळखीच्या वर्तुळात फिरते, आणि आपल्या देशात ओळखीचे वर्तुळ बहुधा नात्याचे, जातीचे व वस्तीचे असते. ज्याचे आप्त बंगल्यात राहतात त्याची शिफारस बंगल्यात फिरते. ज्याचे आप्त चाळीत राहतात त्याची चाळीतच फिरते. दोघांचे कसब सारखे असले तरी दोघांची मिळकत सारखी राहत नाही. जुन्या रीतीची मर्यादा ती हीच, आणि नव्या रीतीकडे आपण लक्ष का द्यावे याचे कारणही हेच.

३. आधी कामाची जात ओळखा

माणसाला जात नसते, पण कामाला प्रकार असतात. जाहिरात करण्यापूर्वी आपले काम पुढील तीन प्रकारांपैकी कोणते, हे कारागिराने ठरवावे.

पहिला प्रकार अडीनडीच्या कामाचा. रात्री पाइप फुटला, फ्यूज गेला, कुलपाची किल्ली हरवली. अशा वेळी गिऱ्हाईक विचार करीत बसत नाही. जो नंबर प्रथम सापडेल आणि जो फोन उचलेल त्याला काम मिळते.

दुसरा प्रकार ठरवून करावयाच्या कामाचा. घराला रंग देणे, गच्चीची गळती थांबविणे, स्वयंपाकघराचे फर्निचर करणे. येथे रक्कम मोठी असते. गिऱ्हाईक चार जणांकडून दर घेते, आधी केलेले काम पाहते, ओळखीत विचारते आणि मगच बयाणा देते.

तिसरा प्रकार पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामाचा. एसीची सर्व्हिसिंग, पाण्याच्या टाकीची सफाई, शिवणकाम. येथे नवे गिऱ्हाईक मिळविण्यापेक्षा जुने टिकविण्यात खरा नफा आहे.

अडीनडीच्या कामाला शोधताच सापडणारी जागा हवी, ठरवून करावयाच्या कामाला पुरावा हवा, आणि वारंवारच्या कामाला आठवण देणारी वही हवी. ही तीन सूत्रे ध्यानात ठेवली म्हणजे जुनी की नवी हा वाद आपोआप मिटतो.

४. जुनी रीत : जी सोडू नये

(अ) स्टिकर. काम संपल्यावर मालकाच्या परवानगीने मीटरच्या पेटीजवळ, गिझरवर किंवा टाकीवर लहान स्टिकर लावावे. त्यावर आपले नाव, काम, फोन नंबर आणि काम केल्याची तारीख असावी. बिघाड पुन्हा होतो तेव्हा गिऱ्हाईक त्याच वस्तूसमोर उभे असते. यापेक्षा स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

(आ) दुकानदार आणि वॉचमन. हार्डवेअर व इलेक्ट्रिकच्या दुकानात लोक सामान घ्यायला येतात आणि माणूस कोण, हेही तेथेच विचारतात. दोन-तीन दुकानदारांशी सचोटीचा व्यवहार ठेवावा. गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी व वॉचमन यांच्याकडे आपले कार्ड द्यावे. ही माणसे आपल्या वर्तुळाबाहेरचा दरवाजा उघडून देतात.

(इ) पत्रक. पत्रक हे हंगामाचे साधन आहे. एसीचे पत्रक उन्हाळा लागण्यापूर्वी, गळतीचे पत्रक पावसाच्या आधी आणि रंगकामाचे दसरा-दिवाळीच्या आधी गेले पाहिजे. वर्तमानपत्र विक्रेत्यामार्फत ते अंकात घालून वाटता येते. विजेच्या खांबावर, सरकारी भिंतीवर किंवा एस. टी. च्या थांब्यावर मात्र चिकटवू नये. मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे.

(ई) पाटी. गाळा असेल तर पाटी मराठीत, देवनागरी लिपीत आणि ठळक अक्षरांत असावी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही हे बंधन लागू झाले आहे. पाटीवर देवादिकांच्या चित्रांपेक्षा आपण कोणकोणती कामे करतो हे लिहिलेले गिऱ्हाइकाच्या अधिक उपयोगी पडते.

५. नवी रीत : जी शिकून घ्यावी

(अ) नकाशावरील नोंद. आज माणूस मोबाईलवर "जवळचा प्लंबर" असे बोलतो किंवा लिहितो, आणि गूगलच्या नकाशावर काही नावे दिसतात. या नोंदीस गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. ही नोंद विनामूल्य आहे. कोणाचे नाव वर दिसावे हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते, असे ती कंपनीच सांगते : शोधलेल्या कामाशी आपली नोंद किती जुळते, शोधणाऱ्यापासून आपण किती अंतरावर आहोत, आणि आपला लौकिक किती आहे. अंतर आपल्या हाती नाही. पहिली व तिसरी गोष्ट मात्र आपल्या हाती आहे. म्हणून कामाचा प्रकार नेमका भरावा, खऱ्या वेळा लिहाव्यात, आपण केलेल्या कामाचे फोटो टाकावेत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहिण्याची नम्र विनंती करावी.

ज्यांना गाळा नाही, जे घरूनच काम करतात, त्यांना घराचा पत्ता लोकांना न दाखविता फक्त सेवेचा परिसर दाखविता येतो. आमच्या मते ही सोय आपल्या कारागिरांसाठी फार मोलाची आहे. वस्तीचे नाव वाचून फोन न करणारे गिऱ्हाईक येथे कामाचे फोटो आणि अभिप्राय आधी पाहते. घरी शिवणकाम वा ब्युटी पार्लरचे काम करणाऱ्या भगिनींनी तर पत्ता झाकावाच, आणि धंद्यासाठी वेगळा नंबर ठेवावा.

आणखी एक सूचना. "गूगलमधून बोलतो, पैसे भरा नाहीतर नाव काढून टाकू" असे फोन येतात. असा फोन आला की तो फसवणुकीचा समजावा आणि कोणालाही ओटीपी सांगू नये.

(आ) व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. हे अ‍ॅप २०१८ साली आले. त्यात कामांची यादी दरासह ठेवता येते, आपण कामात असताना आपोआप उत्तर जाण्याची सोय करता येते, आणि गिऱ्हाइकांना "काम बाकी", "पैसे बाकी", "पुढील सर्व्हिसिंग" अशा खुणा लावता येतात. वारंवार येणाऱ्या कामाची वही म्हणून याचा उपयोग करावा. मात्र रोज सकाळी शुभेच्छांची चित्रे पाठवून गिऱ्हाइकाला त्रास देऊ नये. वर्षातून दोन उपयोगी आठवणी पुरेशा आहेत.

(इ) मध्यस्थ कंपन्या. जस्टडायलसारख्या कंपन्या पैसे घेऊन चौकश्या पुरवितात. एकच चौकशी अनेक कारागिरांकडे जाऊ शकते, म्हणून जो आधी फोन करील त्याचा लाभ होतो. अर्बन कंपनी २०१४ साली अर्बनक्लॅप या नावाने सुरू झाली. अशा कंपनीत काम कंपनी देते, दर कंपनी ठरविते आणि आपला हिस्सा कापून घेते. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे सौंदर्यसेवा देणाऱ्या महिलांनी या कंपनीच्या कमिशन व अटींविरुद्ध निदर्शने केली होती, हे ध्यानात ठेवावे.

आम्ही या कंपन्यांना वाईट म्हणत नाही. ज्याला शहरात कोणी ओळखत नाही, त्या नव्या मुलाला तेथे पहिले काम मिळते. शिफारस नसली तरी चालते, हा त्यांचा गुण होय. परंतु गिऱ्हाईक तेथे कंपनीचे असते, आपले नसते. दर दुसऱ्याने ठरवायचा आणि काम नाकारले तर मुकाट्याने दंड सोसायचा, ही रीत आपल्या पूर्वजांनी पाहिलेली आहे. म्हणून अशा ठिकाणी शिकावे, कमवावे, पण आपला सगळा संसार तिच्यावर टांगू नये.

६. खर्चाचा हिशेब

अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात तथागतांनी यशस्वी दुकानदाराची तीन अंगे सांगितली आहेत. तो डोळस असावा, म्हणजे माल काय भावाने घेतला, काय भावाने विकला आणि हाती काय उरले हे त्याला दिसावे. तो कामात कुशल असावा. आणि त्याला आधार असावा, म्हणजे धनिकांचा त्याच्यावर विश्वास असावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश जाहिरातीच्या हिशेबाला तंतोतंत लागू पडतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा, २,००० पत्रकांची छपाई व वाटणी यांना २,४०० रुपये लागले, १२ फोन आले आणि ४ कामे मिळाली. प्रत्येक काम मिळविण्याचा खर्च ६०० रुपये झाला. समजा, चौकश्या पुरविणाऱ्या कंपनीला महिन्याला ३,००० रुपये दिले आणि ६ कामे मिळाली. खर्च कामामागे ५०० रुपये. समजा, ३०० रुपयांचे १०० स्टिकर लावले आणि वर्षभरात ६ कामे आली. खर्च कामामागे ५० रुपये. नकाशावरील नोंदीला रोख खर्च नाही, पण आठवड्यातून एक तास द्यावा लागतो. तो तासही हिशेबात धरावा.

आता नळ बदलण्याची मजुरी ४०० रुपये असेल, तर ६०० रुपये खर्चून मिळविलेले काम तोट्याचे आहे. पण तेच गिऱ्हाईक वर्षात तीन वेळा बोलावणार असेल तर ते फायद्याचे आहे. आणि काम गच्चीच्या गळतीचे असेल, तर ६०० रुपये काहीच नाहीत. हे दिसावे म्हणून प्रत्येक फोनवर एक प्रश्न विचारलाच पाहिजे : "आमचा नंबर आपल्याला कोठे मिळाला?" उत्तर वहीत लिहावे. तीन महिन्यांनी वही उघडावी. जी रीत गिऱ्हाईक देत नाही ती सोडावी. ही वही म्हणजेच सुत्तात सांगितलेला डोळा होय.

जाहिरातीला पैसा किती घालावा? सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. जाहिरात व्यवसायाच्या दोन भागांतून करावी. चौथ्या भागाला हात लावून किंवा व्याजाने पैसे काढून करू नये.

तिसरे अंग विश्वासाचे. पैसे यूपीआयने घेतले म्हणजे मिळकतीची बँकेत नोंद राहते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. उद्या कर्ज मागण्यास गेल्यावर ही दोन कागदपत्रे आपल्या वतीने बोलतात.

७. सम्यक वाचा आणि नावाचा प्रश्न

पंचशीलातील चौथे शील जाहिरातीलाही लागू आहे. रात्री फोन बंद ठेवणाऱ्याने "२४ तास सेवा" लिहू नये. दुसऱ्याच्या कामाचे फोटो आपले म्हणून टाकू नयेत. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेणे, पैसे किंवा सवलत देऊन तारे मिळविणे हे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि शीलाविरुद्धही आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळे मानकच प्रसिद्ध केले आहे. कोणी वाईट अभिप्राय लिहिला तर भांडू नये. चूक झाली असल्यास ती दुरुस्त करून देऊ असे चारचौघांत लिहावे. ते उत्तर पुढचे शंभर जण वाचतात.

आता नाजूक प्रश्न. धंद्याला नाव कोणते द्यावे? आडनाव कळले की गिऱ्हाईक जाईल या भीतीने काहीजण दुसऱ्याच जातीचे वाटेल असे आडनाव लावतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण ही लाज त्यांची नसून नाव विचारणाऱ्या समाजाची आहे. तरीही आमचे मत असे की खोटे आडनाव लावू नये. ते उघडे पडते तेव्हा काम उत्तम असूनही माणूस खोटा ठरतो. धंद्याला कामाचे नाव द्यावे, परिसराचे नाव द्यावे, किंवा आपल्या श्रद्धेचे नाव अभिमानाने द्यावे. कामाचे नाव पुढे ठेवणे म्हणजे स्वतःला लपविणे नव्हे. गिऱ्हाइकाशी आपले नाते कामाचे आहे, तेव्हा कामाचेच नाव आधी यावे हे योग्य होय.

एवढे करूनही एखादे दार बंद होईल. मोबाईलने जात नाहीशी होत नाही. पण ज्याच्याकडे गिऱ्हाईक पाच वाटांनी येते, त्याची चूल एका दाराच्या नकाराने विझत नाही. एकाच वाटेवर विसंबणारा मात्र त्या वाटेच्या मालकापुढे वाकतो. जुनी आणि नवी रीत दोन्ही धरा, असे आम्ही म्हणतो त्याचे मूळ येथे आहे.

८. संस्थेचे आणि समाजाचे कर्तव्य

विहारात दर रविवारी वंदनेनंतर तासभर बसून जाणत्या मुलांनी कारागिरांची नकाशावरील नोंद करून द्यावी. ज्येष्ठ कारागिरांना मोबाईल अवघड वाटतो, आणि नव्या मुलांना गिऱ्हाइकाशी बोलणे अवघड वाटते. दोघांनी एकमेकांना शिकवावे. संस्थेने कारागिरांची यादी फलकावर लावावी. परंतु केवळ आपसांत काम देऊन भागणार नाही. आपले वर्तुळ आपल्यातच बंद राहिले तर मिळकतही तेवढीच राहील. म्हणून ही यादी शेजारच्या गृहनिर्माण संस्थांपर्यंत पोचविली पाहिजे.

आणि नोकरदार बांधवांना एक कळकळीची विनंती. आपल्या मुलाला काम देताना "आपलाच आहेस" म्हणून निम्मे पैसे देऊ नका, आणि "जय भीम" म्हणून उधारीवर ठेवू नका. पूर्ण दाम त्याच दिवशी द्या आणि आपल्या कार्यालयातील चार लोकांना त्याचा नंबर द्या. कार्यालयात बसलेला आपला एक माणूस त्याला जे वर्तुळ मिळवून देईल, ते हजार पत्रके मिळवून देणार नाहीत.

या वर्षावासात प्रत्येक कारागिराने चार गोष्टी कराव्यात : नकाशावर नोंद, शंभर स्टिकर, दोन दुकानदारांशी ओळख आणि एक वही. बाबासाहेबांनी आपल्याला लादलेल्या कामातून सोडविले. आपल्या कसबाचा दर आता आपणच ठरवायचा आहे, आणि तो सांगण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

॥ नमो बुद्धाय ॥ ॥ जय भीम ॥